तराजू एकच हवा

(बडोदे येथे कारेलीबागेत भरलेल्या मराठी भाषकांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागातील एका दैनिकाचा संपादक बडोद्यास आला म्हणजे तो सीमाप्रश्नावर बोलणार, असा आपला समज झाला असेल तर तो चुकीचा नाही. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. परंतु आज आम्ही विषय निवडला आहे तो पॅलेस्टाइनमधील दंडनीतीचा. जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर एकाच टेकडीच्या दोन अंगांना राहणाऱ्या दोन माणसांनी एकच गुन्हा केला, तर त्यांपैकी एक लष्करी न्यायालयापुढे उभा राहतो आणि दुसरा नागरी न्यायालयापुढे. गुन्हा एक, भूमी एक, आणि कायदे मात्र दोन! हे ऐकून, कोठे पॅलेस्टाइन आणि कोठे बडोदे, असे ज्याच्या मनात येईल, त्याला आमची विनंती आहे की त्याने प्रथम आपल्याच नगरीचा इतिहास आठवावा. दोन तराजूंचा न्याय म्हणजे काय, याचा धडा हिंदुस्थानास ज्या थोड्या शहरांनी दिला, त्यांत बडोद्याचे स्थान वरचे आहे.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष आढळले. संशय धरला गेला तो मल्हारराव गायकवाड महाराजांवर. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत चौकशी मंडळ बसले. मंडळात सहा सभासद होते. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी. महाराजांचे वकीलपत्र घेण्यास सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील विलायतेहून आला होता. सरकारपक्षाचा भर होता तो माफीच्या साक्षीदारांवर. निकाल काय लागला? तिन्ही इंग्रजांच्या मते महाराज दोषी. तिन्ही हिंदी सभासदांच्या मते आरोप सिद्ध झाला नाही. पुरावा एकच, साक्षीदार तेच, उलटतपासणी तीच. सहा जणांनी ऐकले तेच, पाहिले तेच; आणि मत मात्र बरोबर कातडीच्या रेषेवर दुभंगले!

आणि पुढे काय झाले? तीन विरुद्ध तीन असा निकाल लागला असता आरोपी सुटावयास हवा होता. सरकारने घोषणा केली की चौकशीचा निकाल आपण विचारातच घेत नाही. परंतु गैरवर्तन, अनागोंदी आणि नालायकी या कारणांस्तव महाराजांना पदच्युत करण्यात येत आहे. महाराजांची रवानगी मद्रासला झाली आणि तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. दोष सिद्ध झाला नाही, शिक्षा मात्र पुरी झाली.

येथे कोणी म्हणेल की मल्हाररावांचा कारभार वाईट होता. होता, हे आम्ही नाकारीत नाही. रयत गांजली होती, तक्रारींचे ढीग पडले होते. त्याच उलथापालथीतून सयाजीराव महाराज गादीवर आले आणि बडोद्याचे भाग्य उजळले, हेही खरे. परंतु माणूस वाईट होता म्हणून तराजू खोटा चालेल काय? सत्पुरुषाला न्याय द्यावयास न्यायालयाची गरजच काय? न्यायाची कसोटी लागते ती ज्याच्याविषयी आपल्या मनात प्रेम नाही, अशा माणसाच्या खटल्यात. आणि गोड फळ आले म्हणून विषारी बी पेरणाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही.

या प्रकरणातून आम्ही तीन प्रश्न घेतो आणि ते आपण गाठीस बांधावेत अशी विनंती करतो. पहिला प्रश्न : आरोपीला कायदा कोणता लावला? दुसरा : न्याय करावयास कोण बसले? तिसरा : शिक्षा किती सांगितली, आणि प्रत्यक्षात भोगावी किती लागली? जगातल्या कोणत्याही अन्यायी दंडनीतीला हे तीन प्रश्न विचारा. तिचे सोंग गळून पडते.

पहिला प्रश्न त्या काळच्या इंग्रजी कायद्यास विचारू. १८७२ च्या फौजदारी संहितेप्रमाणे मोफसल भागात गोऱ्या आरोपीचा न्याय गोऱ्या अधिकाऱ्यानेच करावयाचा. सत्र न्यायाधीश हिंदी माणसाला फाशीपर्यंत शिक्षा सांगू शकत असे; गोऱ्याला मात्र फार तर एक वर्षाची कैद. याहून अधिक शिक्षा द्यावी असे वाटले, तर खटला उच्च न्यायालयाकडे धाडावयाचा. संस्थानांत तर गोऱ्याच्या अंगाला संस्थानी न्यायालयाने बोटही लावावयाचे नाही. बडोद्याच्या राजाला इंग्रज पदच्युत करू शके; बडोद्याचे न्यायालय मात्र इंग्रज शिपायालाही बंदीत टाकू शकत नव्हते. कायदा भूमीबरोबर न राहता माणसाच्या अंगावरच्या कोटासारखा त्याच्याबरोबर हिंडत होता.

त्या कायद्याचे फळ पाहा. मल्हारराव पदच्युत झाले त्याच सुमारास, आग्र्यास फुलर नावाच्या एका इंग्रज वकिलाने चर्चला जातेवेळी गाडीपाशी हजर नसलेल्या आपल्या मोतद्दाराला मारले. बिचाऱ्याची प्लीहा फाटली आणि तो मेला. मॅजिस्ट्रेटने दंड केला तीस रुपये! व्हाइसरॉय लिटन हा काही हिंदी जनतेचा कैवारी नव्हता. पण त्यालाही हे पाहवले नाही आणि १८७६ साली त्याने त्या मॅजिस्ट्रेटवर लेखी ताशेरा ओढला. तर गोरी वृत्तपत्रे उलटून लिटनवरच तुटून पडली. एका तराजूत रेसिडेंटच्या पेल्यातील विषाचा संशय आणि त्यासाठी एक राज्य. दुसऱ्या तराजूत मेलेला मोतद्दार आणि त्याचे मोल तीस रुपये. १८८३ साली इल्बर्टच्या विधेयकाने हा भेद थोडासा कमी करण्याचा यत्न केला, तेव्हा गोऱ्यांनी असा काही आकांत मांडला की १८८४ च्या कायद्यात, निदान अर्धे ज्यूरर युरोपियन अगर अमेरिकन असावेत असे मागण्याचा हक्क त्यांच्या पदरात टाकूनच तो विषय मिटवावा लागला.

दुसरा प्रश्न : न्याय करावयास कोण बसले? लोकमान्यांचे दोन खटले आठवा. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी त्यांना दोषी ठरविले. शिक्षा दीड वर्षाची. १९०८ साली सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची. दोषी म्हणणारे दोन्ही वेळा युरोपियन, निर्दोष म्हणणारे दोन्ही वेळा हिंदी. बडोद्यास तीनास तीन, मुंबईस सहास तीन, पुन्हा मुंबईस सातास दोन. आकडे बदलत गेले, रेषा मात्र तीच राहिली. हे वांशिक भेद कायद्याच्या पुस्तकातून १९२३ साली काहीसे पुसले गेले, आणि पुरते पुसले गेले ते स्वराज्य आल्यावर, १९४९ च्या कायद्याने. जे पुसावयास आपल्याला स्वातंत्र्य मिळवावे लागले, ते आज अन्यत्र जिवंत आहे; म्हणून आम्ही पॅलेस्टाइनचे नाव घेतो.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम तीर जिंकला आणि तेथे लष्करी अंमल बसविला. पॅलेस्टिनी रहिवाशांचे खटले लष्करी न्यायालयांत चालू लागले. पुढे त्याच भूमीवर इस्रायली नागरिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आणि त्या वसाहतवाल्यांना मात्र, एका आणीबाणीच्या विनियमाच्या आधारे, इस्रायलचा नागरी कायदा आणि नागरी न्यायालय लाभले. हा विनियम 'तात्पुरता' म्हणून दर पाच वर्षांनी वाढविला जातो. जून २०२२ मध्ये तो इस्रायली संसदेत मतदानाला टिकला नाही; तेव्हा त्याच महिन्यात सरकारने संसद विसर्जित केली, विनियम आपोआप तगला, आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या संसदेने तो पुन्हा वाढविला. पंचावन्न वर्षांचे तात्पुरतेपण! मोफसलातील इंग्रजासारखाच येथेही कायदा माणसाच्या अंगावरच्या कोटासारखा हिंडतो आहे.

आता दुसरा प्रश्न. पॅलेस्टिनी माणसाचा न्याय करणारा न्यायाधीश त्याच लष्कराचा अधिकारी, आणि फिर्याद चालविणाराही त्याच लष्कराचा. लष्करी न्यायालयांच्याच २०१० च्या वार्षिक अहवालाप्रमाणे तेथे निकालात निघालेल्या खटल्यांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक खटल्यांत आरोपी दोषी ठरले. उलट, इस्रायली नागरिकांनी पॅलेस्टिनींविरुद्ध केलेल्या हिंसेच्या तक्रारींचा हिशेब ठेवणाऱ्या 'येश दिन' या इस्रायली संस्थेने २००५ पासून पाहिलेल्या पोलीस तपासांपैकी शेकडा सुमारे चौऱ्याण्णव प्रकरणे आरोपपत्रावाचून बंद झाली. दोष सिद्ध झाला तो शेकडा तिघांच्या आसपास. हा हिशेब इस्रायली माणसांनीच मांडला आहे, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक समाजात अशी माणसे असतात आणि तीच त्या समाजाची अब्रू राखतात. वयाचेही तेच : इस्रायली मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत अज्ञान, पॅलेस्टिनी मुलगा मात्र २०११ पर्यंत सोळाव्या वर्षीच लष्करी न्यायालयात प्रौढ गणला जाई.

आणि तिसरा प्रश्न, शिक्षेचा. मार्च २०१६ मध्ये हेब्रॉन येथे सुरीहल्ला करून जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या एका पॅलेस्टिनीच्या डोक्यात एलोर अझारिया या इस्रायली शिपायाने गोळी घातली. मनुष्यवधाचा दोष सिद्ध झाला. शिक्षा अठरा महिने, पुढे कमी करून चौदा, आणि प्रत्यक्षात सुमारे नऊ महिन्यांनी तो बाहेर आला. डिसेंबर २०१७ मध्ये नबी सालेह या गावी अहेद तमीमी या सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या अंगणात आलेल्या शिपायाला थप्पड मारली. तिला शिक्षा झाली आठ महिन्यांची. थपडेस आठ महिने आणि प्राणास नऊ! फुलरच्या तीस रुपयांची आठवण कोणास होणार नाही?

आम्ही एकांगी बोलत नाही. २०१५ साली दुमा गावात घर पेटवून तान्ह्या मुलासह आईबापांचा जीव घेणाऱ्या वसाहतवाल्याला इस्रायलच्या न्यायालयाने २०२० साली तीन जन्मठेपी दिल्या आहेत. अझारियाला शिक्षा सांगणारे न्यायासनही इस्रायलचेच होते. तसेच ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसांचे जे हत्याकांड केले, त्याला आम्ही हत्याकांडच म्हणतो. कोणत्याही पारतंत्र्याच्या दुःखाने ते धुतले जात नाही. त्या गुन्हेगारांना शिक्षा व्हावी. त्यानंतर गाझात ज्या सहस्रावधी निरपराध स्त्रीपुरुषांचा आणि मुलांचा संहार झाला, त्याचाही जाब त्याच तराजूत तोलून मागितला जावा. आमचे मागणे एवढेच आहे. शिक्षा सौम्य असावी की कठोर, याविषयी सज्जनांत मतभेद होऊ शकतात. ती दोघांना सारखी असावी, याविषयी होऊ शकत नाहीत.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातील मुसळ लपविणे, हा आमच्या पत्राचा धर्म नाही. विषम दंड इंग्रजांनी या देशात आणला, असे म्हणाल तर तेही खोटे. मनुस्मृतीने एकाच अपराधास वर्णपरत्वे वेगवेगळा दंड सांगितला. इतरांना जेथे देहदंड तेथे ब्राह्मणाला केवळ मुंडन सांगितले. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास जाहीरपणे जाळण्यात आला. आणि ते कार्य ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली याच बडोद्यात केवळ जातीपायी राहावयास जागा मिळाली नव्हती. आपल्या सयाजीबागेतील झाडाखाली ते ज्या दुःखाने बसले, त्या दुःखाचे उत्तर पुढे राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात लिहिले गेले : कायद्यापुढे सर्व समान. आपल्याच परंपरेत रामशास्त्री प्रभुणेही होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा गादीवर बसलेल्या राघोबादादांना त्यांनी तोंडावर सांगितले की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. ती शिक्षा अमलात आली नाही आणि शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. पण दोनशे पन्नास वर्षांनंतरही न्यायाचे नाव निघाले की आपण राघोबाचे नाव घेत नाही, रामशास्त्र्यांचे घेतो!

आता बडोद्याच्या अगदी जवळच्या काळाकडे येऊ. हे बोलणे काहींना रुचणार नाही, तरी बोलले पाहिजे. १ मार्च २००२ रोजी या शहरात हनुमान टेकडीवरील बेस्ट बेकरीत चौदा माणसांचा बळी गेला. जून २००३ मध्ये येथील न्यायालयातून एकवीसच्या एकवीस आरोपी सुटले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल टिकू दिला नाही आणि फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालविण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली. पुढे २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांतील चौघांचीच शिक्षा कायम ठेवून पाच जणांना सोडले. मुंबईच्या न्यायालयाने सर्वांनाच टांगले नाही. पुरावा होता तेथे शिक्षा दिली, नव्हता तेथे सोडले. यालाच न्याय म्हणतात. मात्र आमचे तीन प्रश्न येथेही विचारा. कायदा कोणता? गोध्रा येथे रेल्वेचा डबा जळून ५९ माणसे मेली; तोही घोर अपराध. त्या आरोपींवर 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा लावण्यात आला. त्यानंतरच्या दंगलीत माणसे मारणाऱ्यांवर तो लावला गेला नाही. असा भेद का? साक्ष फिरविल्याबद्दल बेस्ट बेकरीच्या प्रमुख साक्षीदार स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद दिली, आणि तिने ती भोगली. खोट्या साक्षीला दंड हवाच. परंतु घरची माणसे डोळ्यांपुढे गमावलेल्या माणसाला ज्या वातावरणात साक्ष फिरवावी लागते, त्या वातावरणाला दंड कोण करणार?

आणि शिक्षा किती भोगली? बिल्किस बानो प्रकरणात सामूहिक बलात्कार आणि खून यांबद्दल अकरा जणांना मुंबईच्या न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये जन्मठेप दिली होती. १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी, गुजरात सरकारच्या माफीने ते सारे बाहेर आले आणि काही ठिकाणी त्यांच्या गळ्यात हार पडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली : शिक्षा महाराष्ट्रात झाली, म्हणून माफीचा विचार करण्याचा अधिकार गुजरातचा नव्हताच. आम्ही माफीविरुद्ध नाही. तुरुंगात म्हातारे झालेले कितीतरी निराधार कैदी माफीची वाट पाहत आहेत. त्यांच्या दारावरून न जाता माफी याच अकरांच्या दारी कशी गेली, एवढेच आम्ही विचारतो. शिक्षेतील विषमता निकालपत्रात दिसत नाही तेव्हा ती तुरुंगाच्या फाटकापाशी दिसते.

आता आमच्या घरचे. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत मराठी माणसे गोळीने पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महागुजरातसाठी अहमदाबादेत गुजराती मुले गोळीने पडली. सरकार एकच होते. मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाही, हेही सी. डी. देशमुखांच्या राजीनाम्यामागील एक कारण होते. घोषणा देणाऱ्यांना तुरुंग आणि गोळी झाडणाऱ्यांना चौकशीसुद्धा नाही, हा अनुभव मराठी आणि गुजराती या दोघांचाही आहे. म्हणून या दोन भावंडांनी न्यायाच्या प्रश्नात एकमेकांकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही.

सीमाभागातील आम्ही मराठी माणसे सत्तर वर्षे एक मागणी घेऊन उभे आहोत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. सभाबंदी, मिरवणूकबंदी आणि खटले हे आमच्या कार्यकर्त्यांच्या नशिबी नित्याचे झाले आहेत. एकाच चौकात दोन भाषांचे दोन जमाव उभे असले म्हणजे गुन्हा कोणावर नोंदला जाईल, हे आमची पोरे आधीच सांगतात, आणि त्यांचे भाकीत सहसा चुकत नाही. या अन्यायाविरुद्ध आम्ही लढू. परंतु उद्या सीमाभाग महाराष्ट्रात आला, तर तेथील कन्नड माणसाला आपण कोणता तराजू देणार? त्याच्या बसला काळे फासणारा आपला कार्यकर्ता आणि आपल्या बसला काळे फासणारा त्यांचा कार्यकर्ता, या दोघांना सारखीच शिक्षा व्हावी, असे आज म्हणण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर आपण तराजू बदलावयास निघालेलो नाही. केवळ दांडी आपल्या हाती यावी म्हणून निघालो आहोत. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही हे बेळगावच्या चौकात सांगतो. तेच येथे सांगतो.

बडोद्यात न्यायमंदिराची देखणी इमारत १८९६ सालापासून उभी आहे. तेथील न्यायालये आता दुसरीकडे गेली. इमारतीतून न्यायालय हलले म्हणून काही बिघडत नाही. माणसाच्या मनातून ते हलले म्हणजे बिघडते. उद्या सकाळी वृत्तपत्र उघडाल आणि कोणाच्या शिक्षेची बातमी वाचाल, तेव्हा आरोपीचे नाव क्षणभर बोटाने झाका. कायदा कोणता, न्याय करणारे कोण, शिक्षा किती, एवढेच वाचा आणि आपले मत ठरवा. मग बोट उचला. नाव वाचल्यावर मत बदलले, तर समजा की मल्हाररावांच्या चौकशी मंडळातील एक खुर्ची अजून आपल्या घरात आहे. ती आपणच उचलून बाहेर टाकावयाची आहे. तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालय येणार नाही.